आधी पुस्तक, मग मी

रोह्याच्या आमच्या घरात पापड लाटायला बसायचं तर आधी तीन देवांची सवड बघावी लागे. शुक्रवारी दुपारी हमीदाभाभी नमाजाला उठायची. त्याच दिवशी ऊन कललं की सेगुलामावशीचा शनवार सुरू व्हायचा, तो दुसऱ्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात ती लाटणंच काय, काडेपेटीसुद्धा हातात धरत नसे. सोमवारी आईचा उपास, आणि रिकाम्या पोटी हिंगाचा वास सोसत नाही म्हणून ती पिठाला शिवायची नाही. एकादशी, चतुर्थी, दोन्ही ईदा आणि मावशीचा खिरीचा सण वगळून जे दिवस उरायचे ते पापडांचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, भातगिरणीत कामाला होते. ते म्हणायचे, "तुमच्या देवांना एकदा माझ्या ओटीवर बसवा आणि सुट्ट्या ठरवून घ्या." पण पापडाचे दिवस आले की घराला जो आवाज चढायचा तो मला अजून ऐकू येतो. पोह्याच्या पिठाचा गोळा तेलाचा हात लावून मुसळीने कुटला जायचा, त्याची लांब वळी करून दोऱ्याने लाट्या कापल्या जायच्या आणि तीन पोळपाट एकदम वाजायला लागायचे. लाट्या मोजून ठेवलेल्या असत, तरी मी त्यातल्या दोन-चार तेलात बुडवून तोंडात टाकायचेच. मोजणी चुकली की आई भिंतीकडे बघून म्हणायची, "या घरात मांजर फार झालंय." आता सत्तरी उलटल्यावर डॉक्टरांनी तेल बंद केलंय. तरी सुनेची पाठ वळली की मी अजून ते मांजर होते.

सेगुलामावशी आमच्या शेजारची. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली यहुदी. तिच्या सासऱ्यांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. नेसायची नऊवारी, बोलायची आमच्यासारखीच, फक्त माशाच्या कालवणात नारळाचं दूध इतकं घालायची की आई म्हणे, हिच्या घरी मासेसुद्धा पोहतच ताटात येतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा बेंजामिन, तिचा बेनू, इस्रायलला गेला होता. तिथे वाळवंटातल्या कुठल्याशा गावात कापडाच्या गिरणीत कामाला होता. आणि हमीदाभाभी समोरच्या गल्लीतली. तिचा नवरा उस्मान कुवेतच्या बंदरावर क्रेन चालवायचा. दोन वर्षांनी एकदा येताना रेडिओ, अत्तर आणि भाभीसाठी चकचकीत साडी आणायचा. ती साडी नेसून भाभी पापड लाटायला बसली की आई तिला मुद्दाम दूर बसवायची, पीठ उडेल म्हणून. खरं तर आईला ती साडी हवी होती.

मावशीचं दुखणं एकच होतं. बेनू दर पत्रात लिहायचा, आई, आता इकडे ये, कागद तयार आहेत. पत्रं मी वाचून दाखवायचे, कारण मावशीला आणि भाभीला दोघींनाही अक्षर येत नव्हतं. मावशी ऐकायची, पत्र डोळ्यांना लावायची आणि दरवेळी एकच उत्तर लिहायला लावायची, "आधी बाबांचं पुस्तक, मग मी." तिच्या नवऱ्याचं प्रार्थनेचं पुस्तक होतं. उलटीकडून वाचायचं, काळ्या जाड अक्षरांचं. नव्या घरात आधी ते पुस्तक जायला हवं, मग माणसाने पाऊल टाकायचं, अशी त्यांच्याकडची रीत असल्याचं ती सांगायची. अण्णांना ही रीत फार पटली होती. मला मुळीच पटली नव्हती, कारण पुस्तक गेलं की मावशी जाणार हे मला कळत होतं. माझ्या केसांना तेल लावताना गोष्टी सांगणारं दुसरं कोणी आमच्या आळीत नव्हतं.

मधल्या काळात एकदा तिकडे लढाई लागली. कोण कोणाशी लढतंय हे आमच्या घरात नीट कोणालाच कळलं नव्हतं, पण रेडिओवर दोन्ही बाजूंची नावं यायला लागली आणि आमच्या ओटीवर दोन दिवस कोणी बोललं नाही. भाभी दाराकडे तोंड करून लाटायची, मावशी भिंतीकडे. तिसऱ्या दिवशी आईने लाटणं आपटलं. "त्यांच्या लढाईला माझे पोळपाट नाय मिळायचे. बोलायचं नसेल तर घरी जाऊन रुसा." मावशी पुटपुटली, "माझा बेनू गिरणीत मागाचे धोटे भरतो. त्यानं कुनावर बंदूक नाय धरली." भाभी म्हणाली, "मग माझा काय धरतो? पेट्या उचलतो नं!" आणि दोघी एकदम रडायला लागल्या. आईने दोघींपुढे लाट्यांची ताटली ठेवली. त्या दिवशीचे पापड जरा खारट झाले असं पेणचा दुकानदार म्हणाला. आमचे पापड पेणच्या बाजारात जायचे, आणि चांगले निघाले तर ते पेणचे म्हणूनच विकले जायचे. रोह्याचं नाव फक्त तक्रारीच्या वेळी निघायचं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेवटी मावशीने ठरवलं, पुस्तक पाठवायचं. भाभीलाही उस्मानला पापड धाडायचे होते. बिस्किटांचे दोन सारखे पत्र्याचे डबे आणले, दोन्हींत पापडांच्या चळती भरल्या. कुवेतच्या डब्यात भाभीने दर्ग्यातून आणलेला तावीज ठेवला. इस्रायलच्या डब्यात मावशीने जुन्या रेशमी खणात गुंडाळून, दोऱ्याने घट्ट बांधून पुस्तक ठेवलं. ते तिने घरूनच बांधून आणलं होतं आणि कोणाला हात लावू दिला नाही. त्या काळी पार्सल मांजरपाटात शिवून पाठवायचं असे. शिवल्यावर डब्याच्या कडांवर अक्षर उमटत नाही, म्हणून कापड आधी सपाट पसरून मी त्यावर इंग्रजीत पत्ते लिहिले आणि बायकांनी ती कापडं डब्यांवर शिवली. लाखेची मोहर पोस्टात लागली. गुरुवारी पार्सलं गेली.

शुक्रवारी माझी गणिताची चाचणी होती. माझं आणि गणिताचं तेव्हा त्या दोन देशांसारखंच होतं, टपालसुद्धा बंद. सकाळी मी दप्तर घेऊन निघणार, एवढ्यात भाभी आली. सहज म्हणाली, "कुंदे, डबे सारखेच होते गो. पत्ते बरोबर शिवले नं आमी?" तिला "हो" म्हणायला मला काहीच लागलं नसतं. पण कोणीतरी आतून ढकलल्यासारखं माझ्या तोंडून निघालं, "भाभी, मला वाटतं अदलाबदल झालीय."

मला वाटलं होतं, थोडी धावपळ होईल, पोस्टात जावं लागेल, चाचणी बुडेल. पण भाभी तिथेच उंबऱ्यावर बसली. तिचा चेहरा पिठासारखा झाला. "म्हंजे ते पुस्तक कुवेतला?" ती म्हणाली आणि आत आईला हाक मारली, "शांतावहिनी, उस्मानच्या खोलीतला एक जण नुसतं इस्रायलचं मासिक सापडलं म्हनून परत पाठवला. हितं तर आख्खं पुस्तक हाय, त्यांच्या अक्षरांचं. उस्मानला तुरुंगात टाकतील!" आई स्वयंपाकघरातून ओल्या हाताने बाहेर आली. मला आता "गंमत केली" म्हणायचं होतं. शपथेवर सांगते, म्हणायचं होतं. पण आईचा हात ओला होता, आणि ओल्या हाताची चपराक फार लागते.

रोह्याच्या पोस्टात कळलं की थैली सकाळच्या एसटीने पेणला गेली. तिथून ती संध्याकाळी मुंबईला निघणार. म्हणजे पेण गाठायला हवं. पत्ता वाचायला मी हवीच होते, तेव्हा चाचणी बुडाली, पण तिचा आनंद काही होईना. नवल म्हणजे सेगुलामावशी यायला तयार नव्हती. "जाऊ दे गो," ती म्हणत होती. "पार्सल हाय, पोचंल कुठंतरी. आज शुक्रवार. सांजेच्या आत दिवा लावायचाय मला." आईने तिच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "पुस्तक तुझं. पाठवणारी आल्याशिवाय पोस्टवाले देतील व्हय? चल." मावशी उठली, पण अशी, की जणू तिलाच गणिताच्या चाचणीला नेत होते.

एसटीत भाभीने पीराला चादर बोलली. आईने धावीर महाराजांना नारळ बोलला. मावशी खिडकीकडे तोंड करून तिच्या एलियाहू हन्नबीला काहीतरी पुटपुटत होती. नंतर कळलं, की भाभी आणि आई पार्सल सापडावं म्हणून मागत होत्या आणि मावशी सापडू नये म्हणून. खांबला गाडी थांबली तेव्हा एकाने पेरू विकायला आणले. एरवी मी पेरूसाठी गाडी अडवली असती. त्या दिवशी मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. तीन धर्मांचे देव माझ्या एका थापेच्या तपासाला लागले होते आणि त्यांतला एखादा तरी हुशार निघणारच, असं मला वाटत होतं.

पेणच्या पोस्टात एक चष्मेवाले साहेब होते. पुस्तकाचं नाव न काढता सांगितलेली आमची कहाणी त्यांनी दोनदा ऐकली, कारण पहिल्यांदा तिघी एकदम बोलल्या. "मोहर लावलेलं पार्सल उघडता येत नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "आत काय आहे?" "पापड," आई म्हणाली. "उडदाचे?" "पोह्याचे." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अर्ज लिहा," ते म्हणाले. "माझ्यासमोर उघडायचं आणि माझ्यासमोर शिवायचं." अर्ज मी लिहिला. शाळकरी पोरीचं एवढं चांगलं अक्षर बघून साहेब खूश झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधी कुवेतचं पार्सल उसवलं. डबा उघडला. पापड, आणि वर भाभीचा तावीज. सगळं जिथल्या तिथे. भाभीने तावीज डोळ्यांना लावला आणि साहेबांच्या टेबलावरच डोकं टेकवून रडायला लागली. आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो मला सोमवारपर्यंत दिसत होता. "म्हणजे दुसरंही बरोबर असणार," साहेब म्हणाले. "घेऊन जा, शिवा." मावशीचा जीव भांड्यात पडला. पण भाभी डोळे पुसत म्हणाली, "व्हय साहेब, बरोबरच. मावशीचं पुस्तक त्याच्यातच असंल." साहेबांची भुवई वर गेली. "पुस्तक? पार्सलला लावलेल्या चिठ्ठीवर तर फक्त पापड लिहिलेत. परदेशी पार्सलमध्ये जे आहे ते सगळं लिहावं लागतं. उघडा."

मावशीने डबा पोटाशी धरला. "नाय उघडायचं. देवाचं पुस्तक हाय. हात धुतल्याबिगर शिवायचं नाय." साहेब भले माणूस. ते म्हणाले, "मी हात लावत नाही. ही मुलगी हात धुऊन उघडेल आणि मला सांगेल." कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेऊन मी हात धुतले. मावशी माझ्याकडे अशी बघत होती, की तशी नजर मी तिच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. ती माझ्याकडे काहीतरी मागत होती. मी दोऱ्याची गाठ सोडली आणि खणाचा एक कोपरा उचलला.

आत माझं भूगोलाचं पुस्तक होतं. आशिया खंडाचं. पंधरा दिवसांपूर्वी ते दप्तरातून नाहीसं झालं होतं आणि मी त्यासाठी वर्गाबाहेर उभी राहिले होते. शंकेला जागा नव्हती, कारण मुखपृष्ठावरच्या श्रीलंकेला मी शाईने शेपूट काढलेलं होतं.

मी मावशीकडे बघितलं. मावशीने माझ्याकडे बघितलं. कुवेतचा डबा बरोबर निघाला तेव्हाच तिला माझी थाप कळली होती, आणि आता मला तिची कळली. "काय आहे?" साहेबांनी विचारलं. मी खणाचा कोपरा खाली केला आणि म्हणाले, "देवाचंच पुस्तक आहे." साहेबांनी चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'धार्मिक पुस्तक, एक', आणि वर शिक्का मारला. आईने पुन्हा शिवलं, लाख लागली, आणि माझा आशिया खंड इस्रायलला निघाला. साहेबांना आम्ही पिशवीतले शंभर पापड दिले. ते नको नको म्हणत ड्रॉवर उघडत होते.

परतीच्या एसटीत आई आणि भाभी पुढे बसल्या. मावशीने मला मागच्या बाकावर ओढून घेतलं.

"माझं पुस्तक कशाला घेतलंत?" मी फणकाऱ्याने विचारलं.

"जाड बघून घेतलं. तेवढ्याच आकाराचं होतं. आनि तू गो? अदलाबदल झाली म्हनून कोन बोंबललं?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग तीच बोलायला लागली. खरं पुस्तक तिच्या तांदळाच्या कणगीत होतं. नव्या घरात आधी पुस्तक जायची रीतबीत काही नव्हती, ती तिने स्वतःच काढली होती. "बेनू लिवंल, आई, चुकीचं आलं. मग मी लिवनार, आता खरं धाडते. टपालाला तीन महिने, माझ्या विसरन्याला सहा. अशी दोन-तीन वर्षं सहज जातील." "पण मग जायचं नाही असं सरळ सांगा ना," मी म्हणाले. तिने माझा हात तिच्या मांडीवर घेतला. "कशी सांगू? एकटा पोर हाय तिकडं. तो बोलावतो नि मी नाय म्हनू? पन तिकडं जाऊन मी भाजीवालीशी काय बोलू? इथं ह्यांची कबर हाय, तुझी आई हाय. मला भीती वाटते गो कुंदे." मोठ्या माणसाने मला भीती वाटते म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी तिला घट्ट धरून बसले आणि मनात म्हणाले, काही झालं तरी हिला जाऊ द्यायचं नाही. उजेड असेतो आम्ही रोह्याला पोचलो. मावशीने उतरल्या उतरल्या लुगड्याचा काष्टा सावरून अशी धाव घेतली, की तिचा दिवा वेळेवर लागला.

पावसाळा सरला आणि बेनूचं पत्र आलं. मावशीने हात पुसले, समोर बसली, म्हणाली, "वाच." मी आधी मनात वाचलं. त्यात लिहिलं होतं: 'आई, पापड मिळाले. माझी बायको मोरोक्कोकडची, तिने पहिला पापड न भाजताच खाल्ला आणि म्हणाली, तुझ्या आईचे दात फार मजबूत दिसतात. पुस्तकही मिळालं. खण उघडला आणि पोट धरून हसलो, मग रडलो. तुला यायचं नाही हे मला कळलं. पण आई, त्यात नकाशा आहे. मी बोटं ठेवून पाहिलं. रोहा ते आमचं गाव, चारच बोटं. आम्हाला बाळ होणार आहे. इथे मराठी बोलायला मला कोणीच नाही. त्याच्याशी मराठीत कोण बोलेल?'

मी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "बेनूदादा लिहितो, पुस्तक अजून पोचलेलं नाही. तुम्ही घाई करू नका. क्षेमकुशल."

"एवढंच?"

"एवढंच."

"दोन पानांत?" मावशी हसली. "कुंदे, या धंद्यात मी तुझ्यापेक्षा जुनी हाय. नीट वाच."

मी वाचलं. चुकत, अडखळत, पण सगळं वाचलं. पापडाच्या जागी ती खो खो हसली. बाळाच्या जागी तिने पदर तोंडात धरला. मी देवाला एवढंच म्हणत होते की तिला नको म्हणू दे.

"नवं पुस्तक घेतलं नं तुला आन्नांनी? आन ते."

मी नकाशाचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. ती पापडवाली बोटं, हिंगाच्या वासाची, टोकाला चपटी झालेली, तिने रोह्यापाशी टेकवली. रोहा त्या नकाशावर नव्हतंच, मी मुंबईच्या खाली नखाने खूण करून दिली. एकेक बोट शेजारी ठेवत ती समुद्र ओलांडून गेली. "आनि आपला उस्मान कुठं?" "तुमच्या तिसऱ्या बोटाखाली," मी म्हणाले. तिने ते बोट उचलून खाली बघितलं. "एवढा जवळ? नि पत्र जात नाय म्हनतात!" मग तिने बोट परत ठेवलं. तिच्या तिसऱ्या बोटाची कड बेनूच्या गावाला लागलेली होती. तिने ती पुन्हा एकदा मोजली.

"कागद घे," ती म्हणाली. "लिव. बाबा बेनू, तुझी बोटं बारीक झालीत, नीट जेवत नाहीस वाटतं. माझ्या बोटांनी तीनच भरतात. येते."

शेवटच्या शब्दापाशी माझा हात थांबला. कागदावर थेंब पडायला लागले होते आणि शाई पसरत होती.

"लिव गो," मावशी म्हणाली.

मी लिहिलं.